चौथ्या मजल्यावरून व्हिएन्ना

जगात कुठेही कसं जायचं हे आमच्या चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना माहीत आहे, आणि वसई अन् दुबई सोडली तर ते स्वतः जगात कुठेही गेलेले नाहीत. हे विधान मी वृत्तपत्राच्या शिस्तीने दोन बाजूंनी तपासून घेतलं आहे. एका बाजूला ते स्वतः, दुसऱ्या बाजूला त्यांची बायको. "ह्यांच्या पासपोर्टवर दोनच प्रकारचे शिक्के," ती म्हणते. "जायचे आणि यायचे." शेजारी एका मोठ्या हॉटेलच्या लॉबीत कॉन्सिअर्ज आहेत, म्हणजे पाहुण्याने काहीही विचारावं आणि त्यांनी त्याचं उत्तर द्यावं, अशी ती नोकरी. ती संपवून ते दुबईतल्या अल मनखूलला आमच्या इमारतीत परततात, पण नोकरी त्यांच्यातून उतरत नाही. रस्ता दाखवताना ते कधी बोट दाखवत नाहीत. हाताचा पूर्ण तळवा उघडून, जरासं वाकून दाखवतात. घरातल्या घरात मीठ कुठे आहे हेही तसंच. लिफ्टमध्ये कुणी आभार मानले तर "माय प्लेझर" म्हणतात, लिफ्ट बंद पडलेली असली तरी.

त्यांचा खास अभ्यास म्हणजे कुठल्या बाजूला बसायचं. विमान, बस, बोट, काहीही असो, कोणत्या बाजूने देखावा दिसतो आणि कोणत्या बाजूला ऊन येतं हे ते आधीच सांगतात. माझी आई पहिल्यांदा इकडून मुंबईला परत निघाली तेव्हा त्यांनी तिला डाव्या खिडकीतून खाडी बघायला सांगितलं. आईची जागा मधल्या रांगेत होती. तिने शेजारच्या दोन प्रवाशांना उठवून खाडी बघितली आणि ती दोघंही, तिच्या म्हणण्यानुसार, पुढे चहा येईपर्यंत बोलली नाहीत. मी ऑफिसच्या सहलीबरोबर जॉर्जियाला गेलो तेव्हा त्यांनी बसमध्ये उजवीकडे बसायला बजावलं होतं. जो माणूस तिथे गेलेला नाही त्याचं मी, वीस देशांच्या बातम्या तपासणारा, कशाला ऐकू? मी डावीकडे बसलो. उजवीकडचे लोक दरीचे फोटो काढत होते आणि मी काळ्या खडकाची भिंत फार जवळून पाहिली. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "कसं होतं, पत्रकार?" मी म्हटलं, भूस्तर चांगला आहे.

त्यांच्या मुलीला व्हिएन्नाला आर्किटेक्चर शिकायला प्रवेश मिळाला, तेव्हा इमारतीत सगळ्यात शांत तेच होते. बायकोने विचारलं, इतक्या लांब पाठवायची? त्यावर ते म्हणाले की आपण जन्मभर कोणा पाहुण्याला नाही म्हटलेलं नाही, सुरुवात घरातल्या माणसापासून कशी करणार. मुलगी गेली आणि त्यानंतर त्यांनी ते शहर दुबईतून चालवायला घेतलं. वर्गात जायला कुठली ट्राम, ट्राममध्ये कुठली बाजू, कपडे धुवायच्या मशीनचा नंबर लावायला होस्टेलच्या तळघरात कधी उतरायचं, सगळं इथून सांगितलं जाई. मुलगी लहानपणापासून इंग्रजीत उत्तर देणारी. ती "ओके, पप्पा" म्हणे आणि तिला हवं ते करी. पहिल्याच रविवारी तिथली सगळी दुकानं बंद निघाली आणि तिने आईच्या लोणच्याबरोबर पाव खाल्ला. आम्ही सगळे त्याला हसलो. दुबईत मध्यरात्री खिळा हवा असला तरी मिळतो. रविवारी शहर बंद ठेवणारे लोक आम्हाला गमतीचे वाटले. त्यावर पुढचा प्रश्न विचारायचं मात्र त्यांनाही सुचलं नाही, आणि पुढचा प्रश्न विचारण्याचा पगार घेणाऱ्या मलाही नाही.

डिसेंबर आला. तिचं प्रोजेक्ट जानेवारीच्या सुरुवातीला द्यायचं होतं, त्यामुळे ती घरी येणार नव्हती. शेजाऱ्यांना रजा मिळणं शक्यच नव्हतं; हॉटेलात डिसेंबर म्हणजे लग्नघर. आता आमच्याकडे नाताळ म्हणजे सुट्टी आणि केक. पण वसईला त्यांच्या ख्रिस्ती आळीत नाताळच्या रात्री एकट्याने जेवणं हा प्रकार नाही. तिन्हीसांजेला प्रत्येक घरातून फराळाची बशी रुमालाने झाकून निघते, आणि ज्या घरात एकटंच माणूस आहे तिथे बशी ठेवून परत यायचं नसतं, त्या माणसाला बरोबर घेऊन यायचं असतं. हे त्यांनी मला जिन्यात उभं राहून सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदाच त्यांचे हात खिशात होते. लेकीला ते बाय म्हणतात. बाय एकटी खोलीत बसेल, एवढंच ते दोनदा म्हणाले.

त्यावर त्यांना सुचलेला उपाय त्यांच्या धंद्याला धरून होता. एकट्या पाहुण्याला खोलीत बसू द्यायचं नाही, बाहेर काढायचं. त्यांनी चोवीस तारखेच्या संध्याकाळची पूर्ण सहल आखली. आधी नाताळबाजार, मग एका जुन्या कॉफीहाऊसमध्ये केक, मग संग्रहालय, ऑपेराची इमारत, आणि शेवटी कॅथेड्रलमध्ये नाताळची मिस्सा-प्रार्थना. सगळ्यात जास्त गर्दी त्याच संध्याकाळी असणार, गर्दीत कोणी एकटं नसतं, असा त्यांचा हिशेब. तो आराखडा त्यांनी माझ्याकडे तपासायला आणला. मी लाल पेन घेऊन बसलो. रस्त्यांच्या जर्मन नावांवरचे दोन-दोन ठिपके राहिले होते ते दिले, कॅथेड्रलचं स्पेलिंग सुधारलं, आणि 'छान आहे' असा शेरा मारला. या कामाचं मला इतकं समाधान वाटलं की मी बायकोलाही वाचून दाखवलं.

चोवीसच्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला हॉटेलात बोलावलं होतं. लॉबीत दरवर्षीप्रमाणे 'युरोपियन ख्रिसमस व्हिलेज' उभं होतं: लाकडी टपऱ्या, जिंजरब्रेडचं माणसाएवढं घर, आणि छतातून मधूनमधून पडणारा बर्फ. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत होते आणि आत मफलर घालून फोटो काढत होते. माझी मुलगी हातावर पडलेला बर्फ बघून म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट फोम." शेजारी काळ्या कोटात, तळवा उघडून, एका कुटुंबाला जिंजरब्रेडच्या घराकडे पाठवत होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. व्हिएन्नाहून व्हिडिओ कॉल. पप्पांचा फोन ड्युटीवर लॉकरमध्ये असतो आणि आई चर्चच्या क्वायरमध्ये गात होती, म्हणून तिने मला केला. तिच्या मागे ओला, रिकामा रस्ता होता. "अंकल, पप्पांना सांगू नका," ती म्हणाली. "सगळं बंद आहे. बाजार दुपारीच आवरला. कॉफीहाऊस बंद, म्युझियम बंद. सगळे घरी गेलेत. देअर इज नोबडी हिअर." तिथे संध्याकाळचे साडेचार वाजले होते आणि पूर्ण अंधार पडला होता. एक ट्राम तिच्या मागून गेली. तीत ड्रायव्हर होता. नाताळच्या आदल्या संध्याकाळी युरोपातलं एक शहर सगळं आवरून घरात जाऊन बसतं, ही गोष्ट मला त्या क्षणी कळली, आणि माझा 'छान आहे' हा शेरा आठवला.

मी चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला. पण पाहुण्यांचे चेहरे वाचण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांच्यापुढे तो टिकला नाही. ते माझ्याजवळ आले आणि त्यांनी तळवा पुढे केला. मी फोन दिला.

ड्युटीवर हातात फोन घेतलेले ते मला पहिल्यांदाच दिसले. त्यांनी मला कॅमेरा बाहेरच्या बाजूला करायला लावला आणि चालायला लागले. ही टपरी, इथे बदाम भाजतात. हे जिंजरब्रेडचं घर, आपल्याच शेफने केलंय. हा बर्फ, दर थोड्या वेळाने येतो, थांब, आता येईल. खऱ्या व्हिएन्नाच्या रस्त्यात उभ्या असलेल्या मुलीला ते दुबईतलं खोटं व्हिएन्ना दाखवत होते, आणि ती हसत होती. मी मागेमागे चाललो होतो. जिंजरब्रेडच्या घराशी तिचं हसणं थांबलं.

"पप्पा, ते राहू दे. कॅमेरा तुमच्याकडे करा ना."

त्यांना ते जमेना. फोनचं कुठलं बटण दाबायचं ते मी दाखवलं. मग ते स्वतः त्या छोट्या चौकोनात आले, खांद्यावर साबणाचा बर्फ घेऊन.

"बाय, तुझ्या मजल्यावर आणखी कोणाच्या खोलीत दिवा आहे?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं की समोर एक सर्बियाची मुलगी आहे, पण तिचा नाताळ जानेवारीत असतो.

"असू दे. मम्मीने फराळाचे कलकल पाठवलेत ना? बशीत काढ, वर रुमाल घाल, आणि जाऊन दार वाजव. बशी ठेवून परत येऊ नकोस."

ती त्यांना हातात धरूनच होस्टेलवर गेली. जिना चढताना फोनमध्ये नुसतं छत हलत होतं. मग दार वाजवल्याचा आवाज, कोणीतरी काहीतरी बोललं, एक मोठं हसू, आणि ती घाईने म्हणाली, "पप्पा, तिने सूप केलंय. नंतर करते फोन." आणि कॉल तुटला.

फोन मला परत देऊन ते जागेवर उभे राहिले. आम्ही निघायला हवं होतं, तरी काही ना काही निमित्ताने थांबलो. माझ्या मुलीने आणखी दोनदा बर्फ अंगावर घेतला, बायकोने केक घेतला. दरवेळी मी त्यांच्या समोरून गेलो की ते पाहुण्यांकडे बघत हळूच विचारायचे, "आला का फोन?"

"नाही."

"नाही ना? मग बरोबर आहे. जेवतायत." त्यांनी कोटावरचा बर्फ झटकला. "तरी थोडा वेळ थांबा, पत्रकार."