शेजारच्या फांदीचे काजू
पिकलेल्या काजूबोंडांचा आंबूस-गोड वास आला की मला डिचोलीतली एक उकाड्याची दुपार आठवते. आम्ही तिघांनी मिळून पत्रं कुलूपबंद करून पाठवणारा एक प्रोग्राम लिहिला होता. तो कुणीही फुकट घ्यावा, उघडून पाहावा, पुढे वाटावा असा. दुसऱ्या दिवशी तो इंटरनेटवर जायचा होता, आणि आमच्या तिघांतली, मुळगावहून येणारी मैत्रीण घरचे बोंडू टेबलावर ठेवत म्हणाली, "कुलपाची ही रीत काढूया. तिचं अमेरिकेत पेटंट आहे." मी भडकलो. "पण ते इथं लागू नाही मगे!" ती शांतपणे म्हणाली, "शेजाऱ्याची फांदी आमच्या कुंपणात येते. पडलेले काजू आम्ही घरात खातो, बाजारात नेत नाही. उद्या घेणाऱ्याला कोणी धरलं तर?" आणि महिन्याभराचं काम पुसून, कुणाचीच मालकी नसलेल्या दुसऱ्या रीतीने तिने सगळं नव्याने लिहायला घेतलं. प्रोग्राम बाहेर पडला तेव्हा पाऊस सुरू झाला होता. थोड्याच दिवसांत अमेरिकेतल्या एका अनोळखी शिक्षकाने विचारलं, "हे निर्धास्त वापरू ना?" आम्ही वाचून होईपर्यंत तिचं उत्तर गेलंसुद्धा : "वापरा." पुढे मी पुष्कळ प्रोग्राम लिहिले, पण तो एक शब्द तिच्यासारखा, क्षणभरही न थांबता लिहिता यावा, एवढीच हाव अजून आहे.