बहिणीच्या मरणाची तारीख

२०२३ साल, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. थोरली बहीण लोणंदला दिलेली. जमिनीवरनं आमचं बोलणं बंद होतं. ती सांगलीच्या दवाखान्यात वारल्याचं मला आठ दिवसांनी दुसऱ्याच्या तोंडून कळलं. सातबाऱ्यावर तिचं नाव होतं, म्हणून तलाठ्यानं मृत्यूचा दाखला मागितला. भाच्यापुढं हात पसरायचा नव्हता. मी कुंडलहून एकटाच सांगलीला गेलो.

बहिणीचा दाखला पायजे म्हटल्यावर जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी मरणाची तारीख विचारली.

"ठावं न्हाई."

"आवं आजोबा, सख्खे भाऊ न्हवं तुमी? आन् तारीख ठावं न्हाई?"

नाव शोधून त्या म्हणाल्या, "हे बघा, बेंदराच्या दिवशी गेल्यात."

बेंदराला मी बैलांची शिंगं रंगवत होतो. भाच्याचा फोन तीनदा आला. भांडायलाच करतोय म्हणून मी तिन्ही वेळा कापला. आमच्यात बाईच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते, आणि ती नेणारा भाऊ मी एकटाच. तरी "मला कुणी कळवलंच न्हाई" असं मी गावभर सांगत फिरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठ्याकडं गेलो न्हाई. पहिल्या यष्टीनं लोणंद गाठलं आणि भाच्याच्या दारात उभा राहून म्हणालो, "तवा फोन मीच कापला रं."