पायातला फुटबॉल

आमच्या बाबांचं उभं आयुष्य उभ्यानं गेलं, आणि त्यातलं निम्मं भांडणात गेलं. अकोल्यात जठारपेठेत त्यांचं मोटरपंप दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात खुर्ची एकच, तीही गिऱ्हाइकासाठी. बाबा लोखंडी टेबलापाशी सकाळपासून उभे, हातात पाना आणि तोंडात शिवी. कोणी घाई केली, घासाघीस केली की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "आडवा पाडीन बे!" ते नुसतं बोलायला नसायचं. हिवरखेडच्या एका दांडग्या शेतकऱ्याला त्यांनी खरंच आडवा पाडलेला मी पाहिला आहे. पंप उशिरा दिला म्हणून त्यानं बाबांची कॉलर धरली. बाबांनी डोक्यानं धडक मारली, त्याचं नाक फुटलं, तो पंपाच्या ढिगात पडला. मग रक्त पुसून दोघंही समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेले.

ती वर्षं वाईट होती. विहिरी आटत होत्या, बोअर कोरडे जात होते, कापसाला भाव नव्हता आणि ओळखीच्या गावांतून नको त्या बातम्या येत होत्या. माणसं चिडलेली असत. आमचं दुकान मात्र जोरात चालायचं, कारण पाणी खाली गेलं की पाइप वाढवावे लागतात, पंप खाली उतरवावा लागतो. मला याची लाज वाटायची. बाबांना वाटायची की नाही कोणास ठाऊक, पण त्या दिवसांत ते जास्त चिडत आणि जास्त वेळ उभे राहत.

त्यांच्या डाव्या पोटरीवर शिरांच्या जाड गाठी उठल्या होत्या. घोट्याजवळची कातडी काळी पडली आणि मग तिथं एक जखम झाली, ती काही केल्या बुजेना. हळद झाली, खोबरेल तेल झालं, कुठला कुठला पाला झाला. एकदा तर त्यांनी तिच्यावर मोटरीचं ग्रीस चोपडलं. आई गेल्यापासून त्यांच्यावर ओरडणारी मी एकटीच उरले होते. धाकटा भाऊ त्यांच्याच हाताखाली कामाला होता, तो काय ओरडणार! मी अमरावतीला सासरी, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचे. शेवटी एका सुट्टीत मी त्यांना अमरावतीच्या शिरांच्या डॉक्टरकडे नेलं. ते आले तेही भातकुलीच्या गिऱ्हाइकाला माल पोचवायचा होता म्हणून.

डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा, गोड बोलणारा. पायावरून मशीन फिरवून त्यानं पाहिलं आणि कागदावर एक शीर काढली. "काका, शिरांमध्ये झडपा असतात. रक्त वर हृदयाकडे जाऊ द्यायचं आणि खाली परत येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. तुमच्या आतल्या मोठ्या शिरेतल्या झडपा निकामी झाल्या आहेत. म्हणून रक्त पायात साचतं."

बाबांचा चेहरा खुलला. "म्हंजे फुटबॉल गेला म्हना ना!"

"फुटबॉल खेळायचात का तुम्ही?" डॉक्टरनं कौतुकानं विचारलं.

विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या बुडाशी एक वॉल असतो. पाणी वर चढू देणारा, परत उतरू न देणारा. त्याचं खरं नाव फूट व्हॉल्व्ह, बोलताना फुटवॉल, पण आमच्याकडे सगळे त्याला फुटबॉल म्हणतात आणि त्यावाचून कोणाचं काही अडत नाही. बाबांनी पिशवीतून भातकुलीला द्यायचा बिडाचा फुटबॉल काढला आणि डॉक्टरच्या काचेच्या टेबलावर ठेवला. बोट घालून आतली झडप वर-खाली करून दाखवली.

"हा पाहा, डाक्टर साहेब. हा गेला की मोटर फुकट फिरते. पाइप वर घ्या, जुना काढा, नवा लावा. आता सांगा, माह्या पायात कवा बसवता?"

डॉक्टर आधी हसला आणि मग अडचणीत आला. "कल्पना अगदी बरोबर आहे, काका. पण पायासाठी अशी झडप अजून मिळत नाही. परदेशात करून बघताहेत, पण ती टिकत नाही. तिच्यात रक्त गोठतं आणि शीरच तुंबते." तोवर घट्ट मोजा घालायचा, पाय उंच ठेवून झोपायचं आणि उभं राहणं बंद.

"हार्टमधी तं बसवता ना? मंग पायात काहून नाही?"

"हृदयात रक्ताला जोर असतो. पायाच्या शिरेत प्रवाह संथ असतो, काका."

"जोराचं नोका सांगू मले! हार्ट पैशेवाल्याचं बिघडते, पाय उभं राह्यनाऱ्याचा बिघडते, म्हनून नाही निंघाला!"

आणि त्यांनी तो फुटबॉल उचलून टेबलावर आपटला. काच फुटली. कंपाउंडर धावत आला, त्याला बाबांनी भिंतीवर ढकललं. मग आणखी दोघं आले. झटापटीत बाबांचा ओठ फाटला आणि त्यांना फरफटत बाहेर काढलं. तरी डॉक्टरनं मला थांबवून घेतलं आणि त्यासाठी मी त्याला आजही मानते. "मॅडम, ही शीर कधीतरी फुटू शकते. फुटली तर त्यांना लगेच आडवं करा. पाय छातीपेक्षा वर धरा आणि रक्त येतं तिथं बोटानं दाबा. खुर्चीत बसवू नका. जखमेच्या वरच्या बाजूला काही आवळू नका, रक्त आणखी साचतं."

मला बाबांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांना सोडायला मी अकोल्यापर्यंत गेले; एसटीत फाटक्या ओठावर रुमाल धरून ते बसले होते, आणि माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं, काहून?

मोजा त्यांनी ब्लेडनं कापून पुसायचं फडकं केलं. अकोल्याच्या उन्हाळ्यात तो घालणं म्हणजे शिक्षाच, हे मलाही कळत होतं. पण पुढं त्यांनी जे केलं ते फक्त पंपाचा मेकॅनिकच करू जाणे. बुडाचा वॉल गळायला लागला आणि नवा मिळत नसला, की पाइपात वरच्या बाजूला आणखी एक वॉल टाकतात. बाबांनी सायकलच्या ट्यूबचं कडं कापलं आणि गुडघ्याखाली घट्ट चढवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला धोतर वर करून दाखवायचे. "डाक्टरले नाही जमलं. म्या माह्याच पायात वॉल बसवला!" लोक वाहवा करायचे. पाय सुजून टरारला. मी आले की आधी त्यांच्या पायातलं कडं काढून गटारात फेकायचे आणि माझी पाठ फिरली की दुसरं चढायचं. ट्यूबला काय तोटा!

दिवाळीच्या सुट्टीत मी दुकानात असतानाच ते झालं. पाइप सोडवताना पाना निसटला आणि पाइपाची कड बाबांच्या घोट्याला लागली. जराशी खरचटल्यासारखी लागली असेल. रक्ताची चिळकांडी उडाली ती थेट शटरवर. पायात जोर नसतो म्हणणारा डॉक्टर मला आठवला.

"खुर्ची आना, खुर्ची!" कोणीतरी ओरडलं. गिऱ्हाइकांनी बाबांना खुर्चीत बसवलं, पाय खाली लोंबता. भावानं मांडीला आणखी एक ट्यूब आवळली. रक्त दुप्पट झालं. मी खुर्चीला लाथ घातली. बाबा ऑइलच्या फरशीवर उताणे पडले. मी त्यांचा पाय खांद्यावर घेतला, जखमेवर अंगठा रोवला आणि किंचाळले, "ट्यूब कापा!" भावाला वाटलं मला वेड लागलं. त्यानं माझे केस धरून मागं ओढलं, थोबाडीत मारली. मी त्याच्या मनगटाला चावले पण अंगठा सोडला नाही. एका गिऱ्हाइकानं करवतीच्या पात्यानं दोन्ही ट्यूब कापल्या. हळूहळू माझ्या अंगठ्याखालचं रक्त थांबलं.

बाबा छताकडे बघत होते.

"आडवं पाडलं ना पोरीनं," ते म्हणाले.

"हो, पाडलं."

"उठव मले. लोकं पाहून राहिले."

मी उठवलं नाही. दवाखान्यात नेतानाही ऑटोत आडवंच टाकून नेलं. जठारपेठेतून जाताना त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर ओढून घेतला, आणि त्याखाली ते रडत होते. दुखत होतं म्हणून नव्हे. ज्यांना त्यांनी आयुष्यभर आडवं पाडण्याची धमकी दिली, ते दुकानांच्या पायऱ्यांवर उभे राहून पाहत होते. टाके घातल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "पुन्हा असं चारचौघांत पाडू नको मले." मी म्हणाले, "पुन्हा रक्त आलं तर पुन्हा पाडीन." भावाकडून मी ते वदवून घेतलं. आडवं करायचं, पाय वर, बोटानं दाबायचं. चावलेलं मनगट चोळत तो म्हणाला, "समजलं मले."

पुढच्या उन्हाळ्यात हिवरखेडच्या शिवारात बाबा आणि भाऊ पंप आणखी खाली सोडायला गेले. भाऊ विहिरीत उतरला होता. वर बाबा उभे, सोबत शेतमालक आणि पाचसहा माणसं. पायातली शीर परत फुटली. लोकांनी त्यांना खाटेच्या कडेवर बसवलं. वरचा गलबला ऐकून भाऊ विहिरीतून ओरडत राहिला, "आडवं करा बाबाले! पाय वर करा!" त्याचा आवाज वर पोचला. लोकांनी तो ऐकला. दोघंतिघं पुढंही झाले. बाबांनी हातानं त्यांना मागं सारलं. "त्याचं काय ऐकता? बसलो ना म्या." बाबांनी सांगितलं म्हणजे सांगितलं. भाऊ पाइपाला धरून वर येईपर्यंत खाटेखालची माती भिजून गेली होती आणि बाबा बसल्या जागी गेले होते.

तिसऱ्या दिवशी तो शेतमालक घरी भेटायला आला. तोच, ज्याचं नाक बाबांनी फोडलं होतं. माझ्यासमोर बसला, डोळे पुसले आणि मोठ्या अभिमानानं म्हणाला, "मानलं बा तुमच्या बापाले, ताई. जीव गेला, पन मानूस आखरीपर्यंत आडवा नाही झाला."

मी उठले आणि त्याच्या कानाखाली ओढली. घरात माणसं भरली होती. भाऊ धावत आला आणि माझ्याजवळ येऊन नुसता उभा राहिला. त्या माणसानं गालावर हात धरला होता. आपलं काय चुकलं ते त्याला खरंच कळत नव्हतं.

"आडवं कराचं होतं," मी म्हणाले. "इतके जन होते तुमी. धरून आडवं कराचं होतं त्याइले."