सोहमच्या करगोट्याची गाठ

भूत, भानामती, नजर... यातलं मी काहीही मानत नाही. आजही नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

मी धायरीला राहते, घरीच ब्लाउज शिवते. माझ्या तीन वर्षांच्या सोहमचं हर्नियाचं ऑपरेशन कर्वेनगरच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये झालं. आधी नर्सने त्याच्या कमरेचा काळा करगोटा कापला होता. दुसऱ्या दिवशी घरी आलो, तर सासरे दारातच म्हणाले, "पोर मोकळ्या कमरेचं हाय. आधी दोरा बांध." मी हसले, पण नवा दोरा जखमेच्या बराच वर, सैलसर बांधला.

दुपारी बघते तर दोरा गादीवर! तुटलेला नाही — गाठ सुटलेली. माझी गाठ? चिडून पुन्हा बांधला, गाठीवर गाठ मारली. थोड्या वेळात पुन्हा तेच. सोहम झोपलेला, शेजारी मीच बसलेली. तिसऱ्यांदा बांधायला गेले तर तोच दोरा पुरेना. पोट फुगून टणक झालं होतं. उलटी नाही, ताप नाही, नुसता मलूल.

हॉस्पिटलला फोन केला. "गॅस असेल, ड्रॉप्स द्या. उद्या दाखवा." उद्या? मी सोहमला उचललं आणि नवऱ्याला म्हटलं, "अहो, रिक्षा बोलवा."

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "अपॉइंटमेंट नाही? मग बसा. खुर्च्या त्यासाठीच ठेवल्यात."

"बसते. पण सर्जननी पोटाला हात लावल्याशिवाय घरी जाणार नाही."

सर्जन बाहेर आले, तशी मी वाटेतच उभी राहिले. पोटाला हात लावताच त्यांचा चेहरा बदलला. सोनोग्राफी झाली आणि लगेच दुसरं ऑपरेशन. आतड्याचा एक वेढा टाक्यापाशी अडकला होता.

"फार क्वचित होतं हे," ते म्हणाले. "उद्या आला असतात तर अवघड होतं." मी तिथेच खाली बसून रडले. दोरा मुठीतच होता.

पोट फुगलं, ताण आला, गाठ सुटली — असं कुणीही म्हणेल. मीही स्वतःला तेच सांगून पाहिलं. पण शिवणकाम करणाऱ्या कुणालाही विचारा, ताणाने गाठ आवळते, सुटत नाही.

बरा होऊन घरी आल्यावर तोच दोरा पुन्हा बांधला. साधी एकच गाठ. आता सोहम शाळेत जातो, करगोटा त्याला घट्ट व्हायला लागला. परवा सोडवायला बसले. नखाने, सुईच्या टोकाने... गाठ हलेना. शेवटी कात्री घेतली आणि गाठीपासून लांब कापला.

मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय. गाठ अजून तशीच आहे.