अकरा व्हायोलिनं आणि सांबाराच्या काड्या

ती घटना आजही मला बारीकसारीक तपशिलासह आठवते, कारण तिच्यात गुन्हेगारापेक्षा जास्त चूक माझी होती.

वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आमच्या हद्दीत, शिरपूर जैनच्या रस्त्यावर, भाजीपाला पिकवणाऱ्यांचं एक गाव आहे. तिथे एका परदेशी संस्थेने मुलांसाठी संगीताचा वर्ग सुरू केला होता. ही संस्था अनेक देशांत मुलांना वाद्यं देते आणि शिकवायची सोय करते. तिला मदत करणारे मोठे प्रायोजक दूरदूरचे होते. गावातले मदत करणारे ते भागीदार. एका बागाईतदाराने वर्गासाठी खोली दिली, बियाण्याच्या दुकानदाराने सतरंज्या आणि पंखे दिले, जीपवाल्यांनी मुलांची ने-आण पत्करली. खोलीच्या दारावर फलक होता. वर परदेशी कंपन्या, खाली आपल्या बागाईतदाराचं नाव, बियाण्याचं दुकान आणि जीप संघटना. मी जाता-येता तो वाचून हसायचो. गाव मात्र लग्नाला आलेल्या पाहुण्यालाही आधी तो फलक दाखवायला न्यायचं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातला मंगळवार होता. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी बघत होतो. बागाईतदार आणि बियाण्याचे दुकानदार दोघे आत आले. बागाईतदार साठीचे, धिप्पाड, गावात शब्दाला वजन असलेले. सगळे त्यांना भाऊ म्हणत. ते खुर्चीवर बसले आणि गमछ्याने हात पुसत राहिले. दुकानदारानेच तोंड उघडलं.

"साहेब, अकराच्या अकरा व्हायोलिन गेले. कुलूप कापलं न् नेले. शनवारी परदेशातले लोकं पाह्याले येऊन राह्यले. आता काय दाखवाव त्यायले?"

भाऊंच्या नावाने फिर्याद नोंदवली. हवालदाराला पंच घेऊन पाठवलं. कुलूप कापलेलं, खोली रिकामी, असा पंचनामा तासाभरात माझ्या टेबलावर आला. मी वरवर वाचून सही केली.

खोलीच्या चाव्या दोन. एक भाऊंकडे, दुसरी वर्गात शिकवणाऱ्या माणसाकडे. हा शिकवणारा गावाबाहेरच्या वस्तीवर राहायचा. लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा आणि दिवाळीनंतर बायको-मुलीला घेऊन ऊसतोडीला जायचा. सूर कानाने पकडण्यात पटाईत. संस्थेच्या लोकांनी त्याला हेरलं होतं. शनिवारचा कार्यक्रम झाला की त्याला तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला पाठवायचं आणि मग वर्षभराच्या पगारावर नेमायचं ठरलं होतं. म्हणजे ऊसतोड कायमची सुटणार होती. मुलीची शाळा दरवर्षी दिवाळीत तुटायची, ती आता तुटणार नव्हती.

दुकानदार म्हणाले, "चावी त्याच्यापाशी होती साहेब. दुसरं कोण असन?"

हवालदाराने शंका काढली, की चावी असलेला माणूस कुलूप कशाला कापेल. मी त्याला समजावलं, की संशय बाहेरच्यावर जावा म्हणूनच कापतो. पोलीस खात्यात असा तर्क हुशारीचा समजला जातो. तो तर्क बरोबरही होता, फक्त चाव्या दोन होत्या हे मी सोयीस्कर विसरलो होतो.

त्यातच दुपारी खबऱ्याचा फोन आला. सोमवारी बँडवाला शेलूबाजारला जीपमधून उतरला आणि त्याच्या हातात काळी पेटी होती. एवढं मला पुरेसं होतं. त्याला ठाण्यात बोलावलं.

तिशीचा, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला माणूस. ठाण्यात येताना लोक एकतर मळके कपडे घालून येतात किंवा ठेवणीतले. ठेवणीतले घालून येणारे बहुतेक पहिल्यांदाच आलेले असतात. हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी ते माझ्या कामी आलं नाही.

"कुठे ठेवलीस?" मी विचारलं.

"मी नाई नेले साहेब."

"शेलूबाजारला पेटी कसली नेलीस?"

"माह्यं क्लॅरोनेट होतं. लग्न होतं तिथी."

"बाकीची वाद्यं कुठे ठेवलीस?"

"मी नाई नेले."

मी त्याला हात लावला नाही आणि कोणाला लावूही दिला नाही. पण तेच दोन प्रश्न उरलेली दुपार फिरवून फिरवून विचारले. संध्याकाळी घरी सोडलं आणि सकाळी परत बोलावलं. कागदावर तो 'चौकशीकामी हजर' होता. प्रत्यक्षात ठाण्याच्या बाकड्यावर बसलेला होता आणि बुधवारचे लोक, कोणी दाखल्याला, कोणी बांधाच्या भांडणाला, त्याला बघत जात होते. बाकड्यावर बसलेल्या माणसाचा निकाल गाव त्याच दिवशी लावतं, कोर्टाची वाट बघत नाही.

दुपारी शेलूबाजारच्या लग्नघरी फोन लावला. वरबापाने सांगितलं, की हा सोमवारी दुपारपासून रात्रीपर्यंत त्यांच्याच मांडवात वाजवत होता. म्हणजे पेटी खरंच क्लॅरोनेटची होती. तिथेच मी त्याला सोडून द्यायला हवं होतं. पण साथीदार असेल, असं म्हणून मी त्याला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. शब्द मागे घेणं मला तेव्हा फार जड जायचं, आणि त्याची किंमत तो भरत होता. संध्याकाळी कळलं, की दुकानदाराने संस्थेच्या पुण्यातल्या बाईंना फोन करून कळवलंय, शिक्षक दुसरा बघा, हा पोलिसात आहे.

गुरुवारी सकाळी तपासाची टिपणं लिहायला म्हणून पंचनामा पुन्हा काढला. आमचा हवालदार लिहायला चिवट होता. दिसेल ते सगळं लिहायचा आणि आम्ही त्याची थट्टा करायचो. त्याने लिहिलं होतं, 'दाराची चौकट व पल्ले सुस्थितीत, ओरखडा नाही. जमिनीवर जागोजागी ओलीचे डाग. कोपऱ्यात सांबाराच्या चार वाळक्या काड्या.' आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

मी पेन खाली ठेवलं. चोर घाईत असतो. तो पहारीने कडी उपटतो आणि जाताना दाराचा पार सत्यानाश करतो. इथे कोणीतरी शांतपणे करवतीच्या पात्याने कुलूप कापलं होतं आणि सागवानी दाराला जपलं होतं. दाराची एवढी काळजी फक्त दाराच्या मालकाला असते. पण ओल आणि सांबार यांचा अर्थ मला लागेना. वाद्यांच्या खोलीत कोणी भाजी ठेवत नाही.

मी हवालदाराला घेऊन भाऊंच्या मळ्यात गेलो. सकाळचे आठ वाजले होते. निंबाखाली चार बाया सांबाराच्या जुड्या बांधत होत्या. भाऊ स्वतः बारदाने हौदात बुडवून, पिळून जुड्यांवर अंथरत होते. तीन दिवसांत पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा मोकळा दिसला.

मी सहज विचारलं, "याने किती वेळ टिकतं भाऊ?"

"दुपारलोक हालत नाई साहेब. ऊन कसंही तपू द्या. ओलं बारदान टाकलं का आतमंधी गारच राह्यते. माह्या बापापासून चालून राह्यलं हे."

"आणि व्हायोलिनवर किती दिवस टाकलं होतं?"

त्यांच्या हातातलं बारदान तसंच राहिलं. पाणी त्यांच्या पायावर गळत होतं. बायांनी माना खाली घातल्या आणि जुड्या बांधायचा वेग वाढवला, त्यावरून मला समजलं की मळ्यात हे सगळ्यांना माहीत होतं.

भाऊ मला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत घेऊन गेले. तुषार सिंचनाच्या पाइपांमागे अकरा पेट्या रचलेल्या होत्या. त्यांनी एक उघडली. व्हायोलिनचं पोट पाठीपासून सुटलं होतं, लाकूड फुगून वाकलं होतं. दोन व्हायोलिनांना त्यांनी सुताराचा डिंक लावून, सुतळीने बांधून, वर दगड ठेवले होते. ते बघून मला राग आला नाही. फार वाईट वाटलं.

"पत्र्याची खोली साहेब. उन्हानं एकाले तडा गेला. मी पुण्याच्या बाईले फोन केला. त्या म्हणे, लाकूड कोरडं पडू देऊ नका. मंग मले जे येते ते केलं मी. लग्नसराईपायी आठ दिवस वर्ग बंद होता, तवा रोज दोनदा बारदाने ओले केले, पेट्या उघड्या ठेवून. सोमवारी पाह्यलं त सारे उकलले होते."

"मग तेव्हाच सांगायचं होतं."

"कोन्या तोंडानं सांगू? फलकावर खाल्च्या ओळीत पह्यलं नाव माह्यं आहे. शनवारी ते लोकं इतक्या दूरून येतीन, न् त्यायले म्हनू का, सांबारासारखे झाकले म्हनून? चोरी झाली म्हटलं त कोनी हासन नाई."

"आणि तो बँडवाला?"

भाऊ खाली बसले. "मी त्याचं नाव नाई घेतलं साहेब."

हे खरं होतं. त्यांनी नाव घेतलं नव्हतं. दुकानदाराने घेतलं तेव्हा ते गप्प बसले होते, एवढंच. मी फिर्यादीचा कागद आठवून पाहिला. त्यात एकही खोटा आरोप नव्हता आणि एका माणसाचं आयुष्य मात्र निकालात निघालं होतं.

भाऊंचा जबाब घेतला. गुन्हा खोटा असल्याचा अहवाल कोर्टाला गेला आणि खोटी फिर्याद दिल्याबद्दल जी कारवाई व्हायची ती पुढे झाली. दुपारी मी बँडवाल्याला बोलावून घेतलं आणि बाकड्याऐवजी समोरच्या खुर्चीवर बसवलं. झाला प्रकार सांगितला. त्याला जराही आश्चर्य वाटलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. त्याला 'तुम्ही' म्हणण्याची ती माझी पहिली वेळ.

"अंदाज होता. लग्नाले जाच्या आधी खोलीकडून गेलो त भितीवर बारदाने वाळत होते. आतमंधून वल्ल्या लाकडाचा वास येऊन राह्यला होता."

"मग दोन दिवस सांगितलं काहून नाही?"

"माही बायको भाऊच्या मळ्यात जुड्या बांधते साहेब. न् तुमी मले दोन दिवस 'कुठी ठेवले?' हेच इचारलं. काय झालं असन, असं एकदा इचारलं असतं, त सांगता आलं असतं."

हवालदार खिडकीबाहेर बघायला लागला.

शनिवारी पाहुणे आले. प्रायोजकांचे दोन प्रतिनिधी आणि पुण्याच्या बाई. त्यांनी उकललेली व्हायोलिनं बघितली आणि बाई म्हणाल्या, की वाद्यं सगळीकडेच बिघडतात, कुठे समुद्राच्या हवेने तर कुठे थंडीने. दरवर्षी भरायच्या अर्जात त्यासाठी वेगळा रकानाच आहे, लिहून पाठवलं की बदलून मिळतात. भाऊ सतरंजीच्या कडेला बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुकानदार मात्र अडून बसले होते. ठाण्यात बसून आलेला माणूस मुलांना शिकवणार नाही, भागीदार म्हणून आपल्याला ते मान्य नाही. संस्थेला शिक्षकाची चारित्र्य पडताळणी लागते आणि तो दाखला माझ्याच सहीचा होता. दाखला मी खिशातून नेला होता, पण कागदाने गावाचं तोंड बंद होत नाही. मी वर्दीत उभा राहिलो आणि पाहुण्यांसमोर, मुलांसमोर सांगितलं, की या माणसाने काहीही केलेलं नाही, याला दोन दिवस बसवून ठेवण्यात चूक माझी होती. नोकरीच्या एवढ्या वर्षांत असं वाक्य मी पहिल्यांदाच बोललो. भाऊही उठले. "न् खरं चूक माही होती," एवढंच म्हणाले आणि पुन्हा बसले. दुकानदारांनी मग विषय वाढवला नाही.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी कोणत्याही संशयिताला पहिला प्रश्न 'काय झालं असेल?' हाच विचारला. निम्मे खोटं सांगायचे. पण उरलेल्या निम्म्यांकडून जे कळलं, ते मला पूर्वी कधी कळलं नसतं. हाताखालच्या पोरांनाही हेच सांगत आलो. सगळ्यांनी ऐकलं असं नाही.

मागल्या वर्षी त्या वर्गाच्या कार्यक्रमाचं निमंत्रण आलं. बँडवाला आता तिथला कायम शिक्षक आहे, त्याची मुलगी पुढच्या ओळीत व्हायोलिन धरून बसली होती. परदेशी पाहुण्यांशी तो एकेकाची ओळख करून देत होता आणि पुण्याच्या बाई भाषांतर करत होत्या. "यायनं वाद्यं देल्ले. भाऊनं खोली देल्ली, पत्र्यावर आता छप्पर बी घातलं. यायनं सतरंज्या देल्ल्या." मग माझ्यापाशी थांबला. "न् या साहेबायनं मले माह्यं नाव वापस देल्लं."

टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी वाकून माझा हात हातात घेतला. ते नाव आधी हिरावून घेतलं कोणी होतं, हे त्याने सांगितलं नाही. म्हणून मी ते इथे लिहून ठेवतो आहे.