माझ्या वाट्याचा दगड

सुहास जाऊन तीन महिने झाले. आज सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये त्याची जुनी ट्रेकिंगची सॅक आवरताना चुलीच्या धुराचा वास आला. तळाशी चपटा दगड होता.

लग्नानंतर आम्ही हिमालयातल्या एका निर्जन वाटेनं गेलो होतो. खालच्या नदीतला दगड नेऊन खिंडीत रचायचा, अशी तिथली रीत. माझाही दगड सुहासनंच वाहिला. शेवटच्या चढाखाली मी दमून बसले.

“माझाही ठेव ना.”

“छे! ज्याचा त्यानं ठेवायचा. पुढच्या वर्षी या, बाईसाहेब!”

तो हसत एकटाच वर गेला. त्याची लाल टोपी धुक्यात दिसेनाशी झाली. मागे फक्त वारा उरला. तो तास सरता सरेना.

पुढच्या वर्षी सिंगापूरची नोकरी आली आणि जाणं राहिलंच.

किती चिडले होते मी त्या तासभर वाट पाहण्यावर! तेव्हा तो परत येणार होता.