साहित्य परत करावे

मोबाईलवर फ्लेक्सचा फोटो आला तेव्हा मी नगरला घरी चहा घेत होतो. वर मोठ्या अक्षरांत ‘ज्येष्ठ साहित्यिक हरपला’, आणि खाली आमच्या भानुदासचा हसरा चेहरा. माझ्या मनात आधी काय यावं? कोण बरं साहित्यिक गेला, आणि त्याच्या जागी चुकून भानूचा फोटो कसा लागला... भानूच गेलाय हे डोक्यात शिरायला वेळ लागला.

भानुदास माझा मिरजगावचा बालमित्र. स्टँडजवळ त्याचं दुकान होतं, ‘भानुदास मंडप साहित्य’. खुर्च्या, सतरंज्या, कर्णे, मोठाली पातेली. त्याच्या मुलाने फ्लेक्सवाल्याला फोनवर सांगितलं, वडलांचं साहित्याचं काम होतं, आणि त्या पठ्ठ्याने पुढचं आपल्या मनाने छापलं. दशक्रियेला मग भाषणंही तशीच झाली. भानुदासरावांचं साहित्य घराघरांत पोहोचलं, असं एक पुढारी गंभीरपणे म्हणाले. पोहोचली होती ती पातेली. मला हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि कोणतं लपवावं ते कळत नव्हतं.

तसं गावाने त्याला ‘साहित्यिक’ हे नाव चेष्टेने कधीच ठेवलं होतं, आणि त्यालाही ते आवडायचं. मी कॉलेजात मराठी शिकवतो, माझे कथासंग्रह आहेत, तरी चार माणसांत तो मला म्हणायचा, “तुजं साहित्य कपाटात, माजं लोकांच्या बुडाखाली.” बिलं आणि खुर्च्यांवर रंगवलेली अक्षरं सोडली तर त्याने आयुष्यात काही लिहिलं नाही. पुस्तक हातात घेतलं की पेंगायचा. पण त्याची म्हैस विहिरीत पडून मेली, ती हकिगत त्याने दुकानात सांगितली तेव्हा ऐकणारे डोळे पुसत उठले होते. पुढे एका लग्नात त्याने तीच म्हैस पुन्हा मारली आणि सगळा मांडव हसून लोळला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, अरे, यातली खरी म्हैस कोणती? “दोन्ही माज्याच की रं,” म्हणाला आणि सतरंज्या गुंडाळायला गेला. तेव्हापासून वर्गात साहित्याची व्याख्या सांगायला लागलो की ती म्हैस आडवी येते. जे कधी लिहिलंच नाही ते साहित्य कसं म्हणायचं? आणि जे छापूनही कुणी हसलं-रडलं नाही ते? उदाहरणार्थ, माझं.

गेल्या आठवड्यात मिरजगावला गेलो. भिंतीवर लावायचा फोटो फ्रेमवाल्याकडे अडून राहिला होता. मुलगा म्हणत होता, फोटोखाली नुसतं नाव टाकू, नाहीतर लोक हसतील. वहिनींना मात्र ‘साहित्यिक’ हवं होतं. पण खोटं नको होतं.

“भाऊजी, तुमी त्यातले,” त्या म्हणाल्या. “हुते का हे साहित्यिक? तुमी न्हाई म्हनलात तर न्हाई टाकायचं.”

 कळवतो म्हणालो आणि एसटी धरली.

घरी मी ज्या लोखंडी खुर्चीवर बसून लिहितो, ती त्याचीच. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला त्याने खुर्च्या आणल्या होत्या, त्यातली ही न्यायला विसरला की मुद्दाम ठेवून गेला, देव जाणे. काल तिच्यावरच बसून फोन लावला.

“वहिनी, टाका तो शब्द.”

“म्हंजी हुते?”

“मला नाही कळलं, वहिनी.”



“त्यांनाबी न्हाई कळलं,” त्या म्हणाल्या. “म्हशीचं सांगून घरी आले का मला इचारायचे, मी खोटं तर न्हाई ना बोललो गं?”

फोन ठेवून मी उठलो. खुर्चीच्या पाठीवर लाल रंगातली त्याची वाकडी अक्षरं अजून शाबूत आहेत. ‘साहित्य परत करावे.’ करतो रे भानू. पण आता कुणाला?